पिवळ्या ठिपक्याचे टायर

राघोत्तम राव ट्रॅकवर पोचले की आधी चपला काढायचे. मग उकिडवे बसून डांबरावर तळहात टेकवायचे, अंगठ्याने खडी चाचपायचे, बोटाला लागलेली धूळ चोळून बघायचे, आणि मग उठून सांगायचे की आज गाडीला कुठले टायर घालायचे.

संयुक्ताने हे पहिल्यांदा पाहिलं तेव्हा तिला हसू आलं होतं. ती मूळची सांगलीची. ओरगडमच्या एका टायर कंपनीत रबराच्या चाचण्या घेण्याच्या विभागात तिला नोकरी लागली, म्हणून चेन्नईला आली, वेलचेरीत एका फ्लॅटमध्ये एकटी राहू लागली आणि रविवार रिकामे जाऊ नयेत म्हणून पॉकेट बाईकच्या नादाला लागली. गुडघ्याएवढी उंच गाडी, वजन जेमतेम बावीस किलो, चाकं पोळपाटाएवढी. त्यावर माणूस बसतो कसला, घडी होतो. पण वळणावर गुडघा जमिनीला घासला की मोठ्या गाडीवर काय वाटत असेल ते सगळं या खेळण्यावर वाटतं. ट्रॅकवर ती पिस्तुलासारखा थर्मामीटर, रबराचा मऊपणा मोजायचं मीटर आणि एक वही घेऊन यायची. आणि हा पंचावन्न-साठीचा माणूस नुसता हात लावत होता.

"यंत्र काय सांगतें म्हणून बोल की," राघोत्तम राव म्हणाले. तंजावरची मराठी, शब्द जुने, चाल तमिळ. तिला चेन्नईत येऊन सात महिने झाले होते, आणि कामावाचून कुणी तिच्याशी मराठीत बोलायची ती पहिलीच वेळ.

"अठ्ठावन्न डिग्री," संयुक्ता म्हणाली. "सॉफ्ट घालणार आहे."

"घाल. सहा फेऱ्यांत मरतें तें रबर इथे."

सहाव्या फेरीला तिचा मागचा टायर खोडरबरासारखा झडायला लागला आणि ती शेवटून दुसरी आली. तिने येऊन त्यांच्यासमोर वही उघडली आणि विचारलं, "कसं कळलं?"

"खडी टोकदार आहे. जुनं डांबर, वरचं तेल वाळून गेलेलं. असल्या रस्त्याला कडक रबर पाहिजे. तूं मीटर घाल, मी हात घालतों. दोघं मिळून बघूं. सरी?"

तिथून ती त्यांच्या घरची झाली. वेस्ट मांबलमला स्टेशनजवळ त्यांचं दुचाकी दुरुस्तीचं गॅरेज होतं, वर दोन खोल्या. त्यांची मुलगी सुष्मिता संयुक्ताहून वर्षाने लहान. बँकेतली नोकरी सोडून वडिलांच्या हाताखाली गॅरेज बघायची आणि तीही पॉकेट बाईकच चालवायची. संयुक्ता येईपर्यंत बायकांच्या गटात तिच्या पुढे कुणी नव्हतं. दोघींची गट्टी जमायला वेळ लागला नाही. सुष्मिताला मराठीपेक्षा तमिळ सोपं जायचं, संयुक्ताचं तमिळ भाजीवाल्यापुरतं. अर्धं अर्धं करून दोघी तासन्‌तास बोलायच्या. संयुक्ता तिच्यासारखंच राघोत्तम रावांना अप्पा म्हणायला लागली, आणि तेही तिला मुलीला म्हणावं तसं 'मा' म्हणायला लागले. दोघींच्या गाड्या अप्पांच्या एकाच व्हॅनमधून जायच्या, टायर एकाच रॅकवर असायचे. मऊ टायरला लाल ठिपका, मधल्याला पांढरा, कडकला पिवळा. ठरलेलं एकच होतं: रस्त्याबद्दल जे एकीला कळेल ते दुसरीला सांगायचं. मग जी जिंकेल ती जिंकेल.

वर्षभरात संयुक्ताची वही भरली. गुइंडीतल्या एका गोदामाच्या गुळगुळीत काँक्रीटवर कडक टायर ओल्या फरशीवरच्या चपलेसारखे सटकतात; तिथे लाल ठिपका आणि हवा कमी. समुद्राकडच्या ट्रॅकवर वाऱ्याने बारीक वाळू येते, पहिल्या दोन फेऱ्या जपून. एका मॉलच्या गच्चीवर रंगवलेली जमीन होती. तिला हात लावून अप्पा म्हणाले होते, "इथे शर्यत नको, भरतनाट्यम करा," आणि तिघंही गाड्या न उतरवता परत आली होती. रविवारी दुपारी मांबलमच्या खोलीत जेवण असायचं. अप्पा स्वतः उडदाच्या पिठाची, दह्यातली डांगर पच्चडी करायचे आणि संयुक्ताला आग्रह करकरून वाढायचे. "सांगलीला हें करतात कीं?" दर वेळी विचारायचे, आणि ती दर वेळी करतात पण अशी नाही म्हणायची.

सीझनची शेवटची शर्यत समुद्रकाठच्या ईसीआर रस्त्याच्या पुढच्या कार्टिंग ट्रॅकवर होती. गुणांत संयुक्ता सुष्मितापेक्षा तीनने पुढे होती. सीझनभरच्या गुणांत जी पहिली येईल तिला एका मोठ्या रेसिंग टीमच्या आठ आठवड्यांच्या शिबिरात जागा मिळणार होती. एकच जागा.

नियम असा होता की टायरचा एकच सेट वापरायचा आणि तो आदल्या दिवशी, शनिवारी संध्याकाळी पाचपर्यंत आयोजकांकडे शिक्का मारून ठेवायचा. संयुक्ताची शनिवारी कंपनीत चाचणी चालू होती, मशीन सोडून निघता येत नव्हतं. आपल्या वतीने टायर जमा करायला तिने अप्पांच्या नावाने सहीचा कागद दिला. "रस्ता बघा आणि तुम्हीच ठरवा," ती म्हणाली. "जुनाच असेल तर पिवळा."

साडेचारला तिने फोन केला.

"अप्पा, रस्ता कसा आहे?"

पलीकडे कुणीतरी गाडी रेस करत होतं. अप्पा लगेच बोलले नाहीत. तिला वाटलं, आवाजात ऐकू गेलं नसेल.

"अप्पा?"

"जुनाच आहे, मा," ते म्हणाले. "पिवळा देतों."

रविवारी सात वाजता ती ट्रॅकवर पोचली आणि फाटकातूनच तिला दिसलं. मार्शलच्या मनोऱ्यापासून शेवटच्या वळणापर्यंतचा पट्टा काळाभोर होता. नवं डांबर, दोन-तीन दिवसांपूर्वी घातलेलं. तिने वाकून थर्मामीटर धरला, मग अप्पांसारखा हात टेकवला. खडी लागतच नव्हती. हाताला तेलकट ओशटपणा आला. असल्या गार, गुळगुळीत, तेल सुटणाऱ्या डांबरावर कडक रबर धरत नाही, हे आता तिलाही वहीशिवाय कळत होतं.

व्हॅनपाशी अप्पा तिच्या गाडीची चेन ताणत होते. पिवळा ठिपका असलेले टायर चढवून झाले होते.

"अप्पा, हे नवं डांबर कधी घातलं?"

"काल नीट दिसलं नाही," ते चेनकडे बघत म्हणाले. "पटकन पाहिलों मी."

शेजारी सुष्मिताची गाडी उभी होती. तिच्या टायरवर लाल ठिपका होता.

"हिला लाल कसा?"

"तिचं वजन कमी ना," अप्पा म्हणाले. "तिलाच पाहिजे म्हणून बोलली."

सुष्मिता हेल्मेटचा पट्टा लावत होती. ती म्हणाली, "तापले की धरतील तुझे, संयु. दोन फेऱ्या सांभाळ."

चार महिन्यांपूर्वी याच माणसाने डोळे मिटून, नुसत्या अंगठ्याने, डांबराचं ठिगळ कुठे संपतं ते सांगितलं होतं. साडेचारच्या उन्हात त्याला काळा पट्टा दिसला नाही? प्रश्न मनात आला आणि संयुक्ताने तो तिथेच दाबला. शर्यतीला अर्धा तास उरला असताना घरच्या माणसांवर संशय घ्यायचा तर मग चालवायचं कुणाच्या जिवावर?

बारा फेऱ्यांची शर्यत होती. जुन्या डांबरावर ती सगळ्यांच्या पुढे जायची आणि नव्या पट्ट्यावर आली की गाडी पायाखालची सतरंजी ओढल्यासारखी करायची. एकेक जण आतून निघून जायची. चौथ्या फेरीला सुष्मिता पुढे गेली. पाचव्या फेरीला संयुक्ताने मनोऱ्याच्या वळणावर ब्रेक थोडा उशिरा लावला. पुढचं चाक सटकलं. पडताना तिने उजवा हात टेकवला, आणि मनगटात काहीतरी तुटल्याचं तिला आवाज येण्याआधीच समजलं.

सुष्मिता जिंकली.

प्रथमोपचाराच्या मांडवात मनगटावर बर्फ धरून ती बसली होती तेव्हा शेषगिरी आले. टायर तपासणीचं काम बघणारे निवृत्त गृहस्थ, फार नेमके. शर्यत सोडल्याच्या नोंदीवर तिची सही हवी होती. "डाव्या हाताने चालेल," म्हणत त्यांनी पॅड पुढे केलं. वर नवा कागद होता, खाली कालचा टायरचा फॉर्म.

संयुक्ता सही करत असताना वरचा कागद सरकला आणि तिला फॉर्म दिसला. दोन ओळी. सुष्मिताच्या नावापुढे अप्पांच्या तिरक्या अक्षरात 'सॉफ्ट'. तिच्या स्वतःच्या नावापुढेही अप्पांच्याच अक्षरात 'सॉफ्ट', आणि त्यावर काट मारून शेजारी दुसऱ्या अक्षरात 'हार्ड'. इंग्रजी ए ला आडवी दांडी नव्हती. रोजच्या लॅपच्या वेळा सुष्मिताच लिहून ठेवायची, आणि ती ए ला दांडी कधीच देत नसे.

"हे कुणी बदललं?" संयुक्ताने विचारलं.

"सरांनी आधी दोन्ही सॉफ्ट लिहून दिलं होतं," शेषगिरी म्हणाले. "बरोबरच होतं ते, नव्या पट्ट्यावर ते पंधरा मिनिटं बसून होते. मग मुलगी त्यांना भिंतीपाशी घेऊन गेली. बराच वेळ बोलत होते. ती परत आली आणि तिने बदललं. मी सरांकडे पाहिलं, तर त्यांनी मान हलवली. म्हणजे तुमचंच काही ठरलं असेल असं मला वाटलं. किती वाजले असतील... तुमचा फोन आला ना त्यांना, त्याच्या जरा आधी."

तिने त्यांना फॉर्मचा फोटो मागितला. त्यांनी दिला. तक्रार करता येईल का, असंही तिने विचारलं. शेषगिरींनी चष्मा काढून पुसला. "तुमच्या सहीच्या माणसासमोर बदल झालाय. नियमात बसतं," ते म्हणाले, आणि मग हळूच, "वाईट वाटतं."

व्हॅनपाशी अप्पा गाड्यांना दोर बांधत होते. सुष्मिताच्या गळ्यात अजून हार होता. संयुक्ताने फोन तिच्यासमोर धरला.

"हे तू लिहिलंस."

सुष्मिताने फोटो पाहिला. तिचा चेहरा आधी पडला, मग घट्ट झाला.

"हो," ती म्हणाली.

"का?"

"तुला नोकरी आहे. हे गेलं तरी तुझं काय जातं? माझ्याकडे दुसरं काय आहे? सव्वीस वर्षं झाली मला. पुढच्या वर्षी कोण घेणार?"

"मला सांगितलं असतंस तर—"

"तर काय, सोडून दिली असतीस?" सुष्मिताचा आवाज चढला आणि ती तमिळमध्ये शिरली, मग परत मराठीत आली. "तू आल्यापासून अप्पा घरी येऊन आधी तुझी वेळ विचारतात. संयुची किती आली? संयुने काय घातलं? मी समोर उभी असते!"

अप्पांचा हात दोरावर थांबला होता. संयुक्ता त्यांच्याकडे वळली. ते काहीतरी बोलतील, मुलीला गप्प करतील, निदान तिचं नाव घेतील, असं तिला वाटत होतं. ते वर बघेनात.

"माझी गाडी उतरवा," ती म्हणाली.

"हात मोडलाय, मा. कशी नेशील?"

"उतरवा, अप्पा."

त्यांनी उतरवली. ट्रॅकवरचा चहावाला आणि ती अशा दोघांनी मिळून ती छोटी गाडी एका मालवाहू ऑटोत चढवली. व्हॅन फाटकातून बाहेर पडेपर्यंत तिने डोळ्यांतून पाणी येऊ दिलं नाही. मग ऑटोवाल्याच्या शेजारी बसून ती इतकी रडली की त्याने दोनदा गाडी थांबवून हॉस्पिटलला नेऊ का म्हणून विचारलं.

मनगटाचं लहान हाड मोडलं होतं. दहा आठवडे प्लास्टर. आईला तिने बाथरूममध्ये घसरले असं सांगितलं. कंपनीत ती डाव्या हाताने माऊस धरायला शिकली. अप्पांचे फोन येत होते, ती घेत नव्हती. सगळ्यात जास्त तिला छळायची ती फोनवरची थांबलेली दोन-तीन सेकंदं. कामात असताना, भात लावताना, मधेच तिला तो गाडी रेस केल्याचा आवाज ऐकू यायचा आणि त्यामागची ती शांतता.

तिसऱ्या रविवारी दुपारी दाराची बेल वाजली. बाहेर अप्पा. इस्त्रीचा शर्ट, हातात स्टीलचा डबा. मांबलमहून लोकलने आणि पुढे शेअर ऑटोने आले होते. शर्ट पाठीला चिकटला होता. तिने त्यांना आत घेतलं, पंखा लावला, पाणी दिलं.

"सुष्मी शिबिराला गेली," ते म्हणाले. "तुला सांगायचं म्हणून आलों नाही. मी... माझं बोलायला आलों."

ती समोर बसली.

"तूं फोन केलीस तेव्हां ती समोर उभी होती. रागाने नाही. नुसती बघत होती. लहानपणी सायकलवरून पहिल्यांदा पडली तेव्हां अशीच बघितली होती माझ्याकडे. अप्पा काय करतो म्हणून. मला दुसरं कांही सुचलं नाही."

"आणि रविवारी सकाळी?"

त्यांनी पाण्याचा पेला खाली ठेवला.

"सकाळी मी तुम्हाला विचारलं, अप्पा. कानात सांगितलं असतंत, हळू चालव म्हणून, तरी मी तुमच्या मुलीला जिंकू दिलं असतं. हरण्याचं मला काही नव्हतं. त्या वळणावर काय होणार ते जगात तुमच्याइतकं कुणाला माहीत नव्हतं, आणि तुम्ही मला त्यावर जाऊ दिलंत. चेन ताणून दिलीत."

राघोत्तम रावांनी दोन्ही तळहात गुडघ्यांवर उपडे ठेवले. काळे, भेगाळलेले, हजार रस्ते चाचपलेले हात. "सत्य आहे," ते म्हणाले. "क्षमा कर म्हणून मागायला तोंड नाही मला."

तिला वाटलं होतं, ते असं म्हणाले की आपलं मन वितळेल. वितळलं नाही. उलट, एवढ्या चांगल्या माणसाने हे केलं याचा राग आणखी वर आला. वाईट माणूस असता तर ती एव्हाना विसरलीही असती.

"पाणी हवंय का अजून?" तिने विचारलं.

ते उठले. दारात थांबून म्हणाले, "डब्यांत पच्चडी आहे. आजची आहे."

तिने ती खाल्ली नाही, तिला ती टाकवलीही नाही. खाली वॉचमनला दिली. डबा घासून आठवड्याने गॅरेजच्या पत्त्यावर पाठवला. डबा कुणाचा रिकामा परत करू नये, साखरेचे चार दाणे तरी घालावेत, हे तिला आईने शिकवलेलं होतं. तिने तो रिकामाच पाठवला.

प्लास्टर निघाल्यावर तिने गाडी पुन्हा काढली. आता ट्रॅकवर ती आदल्या दिवशी स्वतः जायची, कंपनीत रजा टाकून. चपला काढायची, हात टेकवायची, मग मीटर लावायची. एकटीने सगळं करायचं तर दुप्पट वेळ लागायचा. कुणी सहज विचारलं, "काय वाटतं रस्त्याचं?" तर आधी तोंड घट्ट मिटायचं, मग तिलाच ते आवडायचं नाही, आणि ती असेल ते सांगून टाकायची.

नव्या सीझनची पहिली शर्यत तारामणीजवळ एका ऑफिसच्या पार्किंगमध्ये होती. घोटून गुळगुळीत केलेलं काँक्रीट, वर पॉलिश. ती गुडघ्यांवर बसून जमीन बघत होती तेव्हा समोर कुणाचे तरी बूट येऊन थांबले. सुष्मिता होती. शिबिरातून परत आली होती. त्यांनी पुढे घेतलं नव्हतं, हे संयुक्ताने दुसऱ्यांकडून ऐकलं होतं. आज तिच्याबरोबर अप्पा नव्हते. गुडघे धरलेत, ते आता ट्रॅकवर येत नाहीत, असंही कुणीतरी म्हणालं होतं.

"काय घालतेयस?" सुष्मिताने विचारलं. जुन्या सवयीने तिच्या तोंडून गेलं असावं, कारण लगेच ती ओशाळली.

संयुक्ताला खोटं बोलायला एकच शब्द लागला असता.

"लाल," ती म्हणाली. "हवा कमी, चौदा. याच्यावर दुसरं काही धरणार नाही."

सुष्मिताने संयुक्ताचा चेहरा निरखला, मग जमिनीकडे पाहिलं, मग पुन्हा चेहऱ्याकडे. "थँक्स," म्हणून निघून गेली.

शर्यतीच्या रांगेत उभं राहताना संयुक्ताने पाहिलं, सुष्मिताच्या टायरवर लाल नव्हे, पांढरा ठिपका होता. पहिल्याच वळणावर ती बाहेर फेकली गेली, पडली नाही पण सगळ्यांच्या मागे गेली आणि शेवटपर्यंत मागेच राहिली. संयुक्ता तिसरी आली. मनगट दुखत होतं, तरी बरी चालवली.

हेल्मेट काढून सुष्मिता तिच्यापाशी आली. केस घामाने कपाळाला चिकटले होते.

"खरं सांगितलं होतंस," ती म्हणाली.

"हो."

"मला वाटलं, तू..."

"माहीत आहे मला काय वाटलं ते."

सुष्मिताच्या ओठांशी आणखी काही आलं होतं. पण तेवढ्यात बक्षिसांसाठी नावं पुकारायला लागले, आणि संयुक्ता गेली. परत आली तेव्हा ती दिसली नाही.

घरी जाताना छोट्या टेम्पोत गाडीला दोर बांधून संयुक्ता मागेच बसली. तिला जिंकल्यासारखं वाटायला हवं होतं, निदान फिटल्यासारखं. पण मनात एकच गोष्ट फिरत होती. आपण तिला खरं सांगितलं ते खरं सांगायचं म्हणून, की ती विश्वास ठेवणार नाही हे आतून ठाऊक होतं म्हणून? वेलचेरी येईपर्यंत तिला त्याचं उत्तर सापडलं नाही. पूर्वी असलं काही अडलं की ती थेट मांबलमला जाऊन अप्पांना विचारायची.